तीस जूननंतर

आषाढी एकादशी झाली की लग्नाच्या तिथी संपतात आणि मंगल कार्यालयं मोकळी पडतात. तरीही जुलैतल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी तालुक्याच्या गावी कार्यालयासमोर गाड्या लागलेल्या दिसल्या, तर आत रोटरीचा नाहीतर लायन्सचा पदग्रहण सोहळा चालू आहे असं खुशाल समजावं. मावळते अध्यक्ष आपली कॉलर काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात. सरत्या वर्षाचा अहवाल वाचला जातो, येत्या वर्षाचे संकल्प जाहीर होतात, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. जेवणाच्या रांगेत रक्तदान शिबिराची तारीखही ठरून जाते. दोन दिवसांनी स्थानिक दैनिकात फोटो येतो आणि क्लबच्या बुलेटिनमध्ये तोच फोटो पानभर लागतो.

मी या बातम्या आवडीने वाचतो. गावात कुणाला व्हीलचेअर मिळाली, कुठल्या वाडीवर डोळ्यांची तपासणी झाली, कोणत्या शाळेत पाण्याची टाकी बसली, हे सगळं त्यांत असतं आणि इतर कुठे फारसं सापडत नाही. पण वाचता वाचता मन मागच्या वर्षीच्या बातमीकडे जातं. त्या टाकीत आज पाणी आहे का? ज्या आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यांना आता सुईत दोरा ओवता येतो का? हे पाहायला मी फिरलो. काही ठिकाणी मन भरून आलं, काही ठिकाणी वाईट वाटलं.

रोटरी काय किंवा लायन्स काय, दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. गावच्या क्लबचा अध्यक्ष एका वर्षाचा, जिल्ह्याचा म्हणजे डिस्ट्रिक्टचा गव्हर्नर एका वर्षाचा, जागतिक अध्यक्षही एकाच वर्षाचा. शिक्षणसंस्थेपासून सहकारी बँकेपर्यंत खुर्ची बापाकडून मुलाकडे जाताना आपण महाराष्ट्रात इतकी वर्षं पाहतो आहोत, की हा नियम मला फार मोलाचा वाटतो. कुणीही संस्था गिळू शकत नाही. होलसेल किराणा विकणारा, वकील, दंतवैद्य, बियाण्यांचा दुकानदार, मुख्याध्यापिका अशा सगळ्यांना आळीपाळीने पुढे उभं राहावं लागतं आणि माईकवर बोलायला शिकावं लागतं. अडचण इतकीच, की लोकांची गरज ३० जूनला संपत नाही.

रोटरीचा जन्म १९०५ सालचा. २३ फेब्रुवारीला शिकागोत पॉल हॅरिस नावाचे वकील, एक कोळशाचे व्यापारी, एक खाणअभियंता आणि एक शिंपी असे चौघे जमले. मोठ्या शहरात ओळखीपाळखी व्हाव्यात, धंद्याला मदत व्हावी, हा सुरुवातीचा हेतू. सेवा नंतर आली, आणि तीही शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं म्हणून केलेल्या खटपटीतून. त्याच वर्षी १२ जूनला पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली. तिथे येणाऱ्याने पाच वर्षं शिक्षण घ्यायचं, तुटपुंज्या मानधनावर राहायचं आणि आयुष्य द्यायचं. रोटरीने मागितला आठवड्यातला एक तास. दोन्ही वाटा आपल्याकडे रुजल्या. कलकत्त्यात १९१९मध्ये आणि मुंबईत १९२९मध्ये रोटरी सुरू झाली. १९१७मध्ये शिकागोतच जन्मलेले लायन्स १९५६मध्ये मुंबईत पोचले. आयुष्य देणारी माणसं कोणत्याही काळात मोजकीच असतात. एक तास देऊ शकणारी मात्र प्रत्येक पेठेत, प्रत्येक कॉलनीत असतात. त्यांच्या त्या तासाचं काय करायचं, हे क्लबने ठरवायचं असतं.

बायकांना मात्र तो एक तास द्यायलाही फार काळ थांबावं लागलं. अमेरिकेतल्या ड्युआर्टे गावच्या क्लबने महिलांना सदस्य केलं म्हणून त्याची सनद काढून घेतली गेली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८७मध्ये निकाल महिलांच्या बाजूने लागला. १९८९मध्ये रोटरीने जगभर दार उघडलं. त्याआधी आपल्याकडे सदस्याची पत्नी म्हणजे ‘ॲन’ आणि मुलं म्हणजे ‘ॲनेट’ अशीच ओळख असायची. शिबिरात भात वाढण्यापासून रुग्णांची नावं लिहिण्यापर्यंतचं काम त्या तेव्हाही करतच होत्या, अहवालावर सही तेवढी दुसऱ्याची असायची.

आता ज्या कामामुळे मला हा सगळा विषय लिहावासा वाटला, त्याकडे येतो. पोलिओ. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मराठी माणसाला आपल्या वर्गातलं एक तरी मूल आठवत असेल. पायाला कॅलिपर, हात गुडघ्यावर दाबून टाकलेलं पाऊल, कवायतीच्या तासाला ओट्यावर बसून राहणं. १९८८मध्ये जगातल्या १२५ देशांत वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं पोलिओने पांगळी होत होती, आणि त्यांतला मोठा वाटा भारताचा होता.

रोटरीने १९७९मध्ये फिलिपिन्समध्ये साठ लाख मुलांना डोस देण्याचं काम हाती घेतलं होतं. तो अनुभव गाठीशी बांधून १९८५मध्ये ‘पोलिओप्लस’ जाहीर झालं. बारा कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं, १९८८पर्यंत जमले २४ कोटी ७० लाख. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. आपल्याकडे ‘सगळ्या मुलांना ठरलेल्या दिवशी एकदम डोस’ ही पद्धत त्याआधीच तमिळनाडूतल्या वेलोरमध्ये करून पाहिली गेली होती. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांच्या मार्गदर्शनाखाली तिथल्या रोटरीच्या सदस्यांनी गल्लोगल्ली ते काम केलं. १९९५पासून केंद्र सरकारने देशभर पल्स पोलिओ सुरू केलं आणि रविवारची ती पिवळी टोपी आपल्या ओळखीची झाली.

बूथवरचं काम दिसायला किती साधं. निळ्या व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये बर्फाचे चार पॅक, मध्ये लसीच्या कुप्या. प्रत्येक कुपीच्या लेबलवर एक गोल आणि गोलात एक फिकट चौकोन असतो. लसीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. त्याचा रंग बाहेरच्या गोलाइतका झाला की ती कुपी बाद. नवीन माणसाला बूथवर बसवण्याआधी परिचारिका आधी हा चौकोन बघायला शिकवायची. मग दोन थेंब जिभेवर, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण आणि तक्त्यावर एक रेघ. बुलेटिनमध्ये छापून यायचा तो हा रविवार.

खरं काम सोमवारी सुरू व्हायचं. पथकं घरोघर जायची आणि दारावर किंवा भिंतीवर खडूने खूण करायची. सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर ‘पी’. घर बंद असेल, मूल मामाकडे गेलं असेल किंवा घरच्यांनी नको म्हटलं असेल, तर ‘एक्स’. त्या एक्सच्या घरांची यादी संध्याकाळी आरोग्य केंद्रात जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारांवर थाप पडायची. क्लबच्या माणसांचा उपयोग इथे व्हायचा. मोहिमेत पहिल्यापासून असलेले एक कापडदुकानदार मला म्हणाले, “साहेब, डॉक्टर सांगून गेले तरी बाई ऐकायची नाही. मी गेलो की म्हणायची, शेठ, तुमच्याकडनं लग्नाचा बस्ता बांधला, तुम्ही कशाला खोटं सांगाल. आणि पोराला पुढं करायची.” उत्तर प्रदेशात याच कामासाठी रोटरीने मुस्लिम धर्मगुरूंची समिती उभी केली. आपल्याकडे मालेगाव, भिवंडीसारख्या शहरांतही ज्यांच्या शब्दाला वस्तीत वजन आहे, अशी माणसं बरोबर घेऊनच दारं उघडावी लागली.

त्याहून अवघड होती ती घर नसलेल्यांची गणती. जानेवारी-फेब्रुवारीत पोलिओची फेरी यायची, तेव्हा मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांभोवती कोप्या घालून राहिलेल्या असायच्या. आई-बाप पहाटेच फडावर जायचे आणि तान्ही पोरं बरोबर न्यायचे. आठ वाजता पथक पोचलं तर कोप्या ओस. म्हणून गाडी अंधारातच निघायची. ही गाडी, तिचं डिझेल, चालकाचा चहा, पथकातल्या बायकांची न्याहारी हे सगळं अनेक ठिकाणी क्लबने पाहिलं. वीटभट्ट्या, पुलाखालच्या वस्त्या, एसटी स्टँड, टोलनाके यांच्यासाठी वेगळी पथकं असायची. हे लोक कुठल्याच यादीत नसायचे, त्यांची यादी आधी करावी लागायची.

इतकं करूनही २००९मध्ये भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला. जगात सर्वांत जास्त. त्या वर्षी कितीतरी जाणत्या लोकांनी हे आपल्या देशात होणं नाही असं म्हणून टाकलं होतं. २०१०मध्ये आकडा ४२वर आला आणि २०११मध्ये एकावर. ते मूल पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातलं, तारीख १३ जानेवारी २०११. त्यानंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण देशात सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ला भारतासह आग्नेय आशियाचा प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला.

१९८५ ते २०११ म्हणजे सव्वीस वर्षं. जुन्या क्लबांतून तेवढ्या काळात सव्वीस अध्यक्ष होऊन गेले. त्यांतल्या कुणालाही ‘पोलिओ मी घालवला’ असं म्हणता येणार नाही आणि सगळ्यांना मिळून तसं म्हणायचा अधिकार आहे. जुनी बुलेटिनं चाळताना दरवर्षी तीच बातमी दिसते. बूथवर सेवा, सदस्यांची नावं, इतक्या मुलांना डोस. संपादकाला ती छापायचा कंटाळा आला असेल. मला विचाराल तर क्लबने छापलेली सर्वांत मोठी बातमी तीच, दरवर्षी थोडी थोडी छापलेली.

मग हीच माणसं, हाच क्लब, एरवी कुठे कमी पडतो?

एका जिल्हा परिषद शाळेत मी गेलो होतो. आवारात हात धुण्यासाठी सुंदर जागा बांधलेली. पांढऱ्या टाइल्स, लहान मुलांच्या उंचीला बसवलेले नळ, वर क्लबचं चिन्ह, अध्यक्ष-सचिवांची नावं आणि वर्ष. नळ कोरडे होते. वरच्या टाकीचा पाइप फुटला होता आणि दोन नळांचे वॉशर गेले होते. बाईंनी सांगितलं, “उद्घाटनाला आलेले सगळे फार चांगले होते हो. मुलांना खाऊ दिला, साबण दिले. पण वर्षाने बिघाड झाला, तेव्हा फोन कुणाला करायचा ते कळेना. पाटीवरच्या साहेबांना केला तर ते म्हणाले, आता मी नाही, नवीन अध्यक्ष आहेत. नवीन अध्यक्षांना या शाळेचं काही माहीत नव्हतं.” दोघांतल्या कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी त्या दोघांना भेटल्यावर खात्रीने सांगतो. दुरुस्तीचा खर्च हजाराच्या आत होता. पण कुणाच्याही वर्षाच्या अंदाजपत्रकात तो बसत नव्हता.

अशी कामं गावोगाव आहेत. जुलैत लावलेली झाडं मार्चमध्ये पाण्यावाचून वाळतात. शाळेला दिलेला प्रोजेक्टर दिवा गेल्यापासून कपाटात राहतो. मुलींच्या स्वच्छतागृहातल्या सॅनिटरी पॅडच्या यंत्रात पहिली भरलेली पॅडं संपली की पुन्हा कुणी भरत नाही. २०२१च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट भरात असताना क्लबांनी धावपळ करून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मिळवले. कितीतरी जीव त्यांनी वाचवले. त्या यंत्रांतल्या काहींचे फिल्टर अजून बदललेले नाहीत. दरवर्षी नवा अध्यक्ष मनापासून नवीन काही करू पाहतो, आणि ‘मागच्यांचं पुढे चालवलं’ हे वाक्य पदग्रहणाच्या भाषणात टाळ्या मिळवत नाही.

खरं तर रोटरीच्या पैशाच्या रचनेतच याचं उत्तर आहे. सदस्यांनी रोटरी फाउंडेशनच्या वार्षिक निधीला दिलेली देणगी लगेच खर्च होत नाही. ती तीन वर्षं गुंतवली जाते, आणि मग तिच्यातला एक भाग त्याच डिस्ट्रिक्टला कामांसाठी परत मिळतो. म्हणजे आज जो अध्यक्ष देणग्या गोळा करतो, त्याचा पैसा त्याच्यानंतरचा तिसरा-चौथा अध्यक्ष वापरतो. मोठ्या ग्लोबल ग्रँटसाठी दोन देशांतल्या क्लबांनी एकत्र यावं लागतं, प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा असावा लागतो, आणि गावाला काय हवं याची पाहणी आधी केल्याचं दाखवावं लागतं. काम पुढे कोण चालवणार हेही लिहून द्यावं लागतं. पैशाला लागू असलेली ही शिस्त वॉशरला लागू झाली, की त्या शाळेत पाणी येईल.

डोळ्यांच्या कामात ती शिस्त मला पाहायला मिळाली. १९२५मध्ये हेलन केलर यांनी अमेरिकेतल्या लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं. तेव्हापासून लायन्स आणि डोळे हे नातं पक्कं झालं. आपल्याकडे अनेक गावांत डोळ्यांचा दवाखाना लायन्सच्याच नावाने ओळखला जातो. पूर्वी शाळेचे वर्ग रिकामे करून तिथेच मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची आणि रुग्ण जाड भिंगाचा चष्मा घेऊन घरी जायचा. आता डोळ्यात कृत्रिम भिंग बसतं आणि ऑपरेशन सुसज्ज रुग्णालयातच होतं. गावात होते ती फक्त तपासणी. त्यामुळे स्वयंसेवकाचं काम वाढलं. शिबिराच्या फोटोत ते येत नाही.

ते काम एका निवृत्त ग्रामसेवकांबरोबर मी पाहिलं. तपासणीत निवडलेल्या रुग्णांची यादी त्यांच्याकडे असते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ते प्रत्येक घरी फोन करतात. ब्लडप्रेशरची गोळी चुकवू नका, आधार कार्ड घ्या, सोबत एक माणूस आणा, सकाळी सहाला एसटी स्टँडवर या. कांदा काढणीचे दिवस असले की निम्मी मंडळी ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणतात. मग ते मोटारसायकल काढतात. त्या दिवशी एका म्हातारीच्या दारात आम्ही उभे होतो. सून कांद्यावर, मुलगा पुण्याला, सोबत यायला कुणी नाही. ग्रामसेवक म्हणाले, “मावशी, मी येतो की सोबत. अर्जावर मुलगा म्हणून माझं नाव घाला.” मावशी म्हणाल्या, “अरे, तूच साठीच्या पुढचा दिसतोस!” आणि उठून पिशवी भरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि बस परत येते. बातमी इथे संपते. डोळा बरा होतो तो पुढच्या महिनाभरात, औषधाच्या थेंबांनी. पहिल्या आठवड्यात दिवसातून पुष्कळदा, मग दर आठवड्याला कमी करत जायचं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी हे लक्षात कसं ठेवायचं? ग्रामसेवकांनी वहीच्या पानावर सूर्य उगवतीपासून मावळतीपर्यंतची चित्रं काढून त्याच्या झेरॉक्स केल्या आहेत. एक थेंब, एक सूर्य. आठवड्याने ते स्वतः जाऊन पान बघतात, डोळा लाल आहे का विचारतात. डोक्यावरून अंघोळ केली असली तर रागावतात. महिनाभराने चष्म्याचा नंबर काढायला पुन्हा बस. हे काम ते करू लागल्यापासून क्लबात बरेच अध्यक्ष झाले. प्रत्येक नव्या अध्यक्षाकडे ते जुलैतच जातात आणि यादी दाखवून सांगतात, “साहेब, यांचा दुसरा डोळा तुमच्या वर्षात आहे.”

हे वाक्य प्रत्येक क्लबच्या पदग्रहणात वाचलं जावं असं मला फार वाटतं.

असंच एक काम शेजारच्या गावात रुग्णसाहित्य केंद्राच्या रूपाने चालतं. बाजारपेठेतल्या एका जुन्या गाळ्यात व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्च्या, एअरबेड, डोक्याकडून वर उचलता येणारे फाउलर बेड ठेवलेले आहेत. अनामत रक्कम भरायची, वस्तू न्यायची, काम झालं की परत आणायची. भाडं नाममात्र, आणि ज्याला तेही जड आहे त्याच्याकडून घेत नाहीत. माकडहाड मोडलेल्या वडिलांसाठी महिनाभर लागणारा पलंग विकत घ्यायला गेलं, तर लहान शेतकऱ्याच्या हंगामातल्या कमाईचा लचका तुटतो. शिवाय दोन खोल्यांच्या घरात तो नंतर ठेवायचा कुठे?

गाळा सांभाळतात त्या बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचं रजिस्टर मी तासभर वाचत बसलो होतो. वस्तू, नाव, गाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बाईंच्या बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘एअरबेडची मोटर आवाज करते’, ‘फाउलरचं हँडल हरवलं, भरून दिलं’, ‘रुग्ण चालू लागले’. आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं ‘तेराव्यानंतर आणून दिलं’. अशा वेळी अनामत परत देताना त्या माणसाला आधी पाणी देतात, बसवून घेतात. काही जण अनामत परत घेत नाहीत, केंद्रालाच राहू द्या म्हणतात. त्या पैशांतून वॉकरची रबरी बुडं येतात. ती झिजली की वॉकर फरशीवर घसरतो आणि बरा होत आलेला माणूस पुन्हा पडतो, म्हणून परत आलेला प्रत्येक वॉकर बाई उलटा करून बघतात. कमोड खुर्ची फिनेलने धुऊन उन्हात ठेवल्याशिवाय दुसऱ्याला देत नाहीत.

तिथल्या क्लबच्या यंदाच्या नव्या अध्यक्षा व्यवसायाने सनदी लेखापाल आहेत. मेमध्ये मी त्यांना भेटलो, तेव्हा त्या आपल्या वर्षाचा आराखडा करत होत्या. नवीन मोठा प्रकल्प नसेल तर लोक काय म्हणतील, ही धाकधूक त्यांनाही होती. तरी त्यांनी दोन गोष्टी नक्की केल्या होत्या. क्लबने मागच्या दहा वर्षांत ज्या शाळांना, दवाखान्यांना काही दिलं, त्या सगळ्यांची यादी करून प्रत्येक ठिकाणी एक सदस्य कायमचा नेमायचा आणि त्याचाच फोन नंबर पाटीवर रंगवायचा. आणि अंदाजपत्रकात ‘दुरुस्ती व देखभाल’ असं वेगळं खातं उघडायचं, जे पुढच्या अध्यक्षाला बंद करता येणार नाही. पहिल्याच यादीत सहा बंद पडलेली पाणी शुद्धीकरण यंत्रं निघाली. त्यांतली चार यंत्रं जुलै संपायच्या आत चालू झाली. उरलेल्या दोन यंत्रांना वीजजोडणीच नाही, त्याचा अर्ज दिलेला आहे.

रुग्णसाहित्य केंद्रात गेल्या महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा पोस्टातल्या बाईंच्या शेजारी कॉलेजातला एक मुलगा बसून नोंदी मोबाइलवर उतरवत होता. बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन डिसेंबरात ठरलं आहे. त्या काळात गाळा बंद राहता कामा नये, असं त्यांनी क्लबच्या सभेत उभं राहून सांगितलं आहे. संध्याकाळी सहा ते आठ बसायला माणसं हवी आहेत. मंगळवार आणि शुक्रवार मिळाले. बाकीचे दिवस अजून रिकामे आहेत.